कडेचा पट्टा

कडेच्या पट्ट्यातल्या गव्हाची सहा पोती गोदामात सापडेनात, तेव्हा तपासनीस बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. चोर हाती लागला की त्या असंच करत.

सकाळपासून सगळं नियमात बसत होतं, आणि तेच त्यांना खटकत होतं. हे शेत सेंद्रिय, पण बांधापलीकडचा शेजारी औषध फवारणारा. म्हणून त्याच्या बाजूच्या नऊ मीटरांच्या कडेच्या पट्ट्यातला गहू सेंद्रिय म्हणून विकायचा नाही. वेगळा कापायचा, लाल खुणेच्या पोत्यांत भरायचा. बहुतेकांचा पाय घसरतो तो इथेच. लाल पोती गुपचूप सेंद्रियच्या हिरव्या पोत्यांत ओतली की भाव दुप्पट. पकडलं गेलं, तर प्रमाणपत्र जातं आणि तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी अशा भल्याभल्यांना रडवलं होतं.

"सहा पोती, काका. उंदरांनी नेली म्हणू नका."

म्हाताऱ्या शेतकऱ्यानं वही पुढे केली. "सगळं लिहिलंय, मॅडम. लपवलं काहीच नाही."

वहीत शेजाऱ्याची एकूण एक फवारणी होती. तारीख, वेळ, वारा. 'वारा आपल्याकडे.' 'वारा आपल्याकडे, वास घरापर्यंत.' हंगामात अकरा वेळा. लबाड माणूस अशी वही ठेवत नाही, हे बाईंना कळत होतं. पण पोती म्हणजे काही टाचणी नव्हे हरवायला.

"विकली कुठे? पावती दाखवा."

"विकली नाहीत. चार खाल्ली, दोन आहेत."

"खाल्ली? घरात माणसं तीन. हत्ती पाळलाय का?"

म्हातारा हसला नाही. तो उठला आणि त्यांना आत घेऊन गेला.

स्वयंपाकघरात सून ओट्याशी उभी होती. सातवा महिना असावा. पाठीला एका हाताचा आधार देऊन ती दुसऱ्या हातानं ओटा पुसत होती. कोपऱ्यात लाल खुणेची दोन पोती, बाजूला पिठाचा डबा. डब्यालाही कुणीतरी लाल रंगाचा पट्टा ओढला होता.

"डब्यालासुद्धा खूण?"

"चुकून मिसळायला नको म्हणून," सून घाईघाईनं म्हणाली. "हिरव्यातलं आम्ही कुणी खात नाही, ताई. खरंच सांगते. एक दाणासुद्धा नाही." ती घाबरली होती. आळ हिरव्यातलं खाल्ल्याचाच आहे असं तिला वाटलं.

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "अहो, पण हे खायचं कशाला? साधा गहू म्हणून बाजारात द्यायचा. चालतं की तसं."

"तसंच देत होतो," म्हातारा म्हणाला. "गेल्या साली तुम्हीच लिहिलंत, एका घरातून दोन तऱ्हेचा माल विकला जातो, धोका मध्यम. मग दोनदा नमुने नेले. निकाल येईपर्यंत सगळा गहू तीन महिने इथेच पडून. जाताना तुम्हीच म्हणालात, पट्ट्यातलं घरीच संपवा की काका, कटकटच मिटेल."

बाईंना आधी काही आठवेना. मग आठवलं. एक पाय गाडीत होता, पुढच्या तपासणीला उशीर होत होता, आणि त्या हसत हसत बोलून गेल्या होत्या.

"हिला तरी देऊ नका हे. निदान या दिवसांत," त्या म्हणाल्या. "हिरव्यातलं द्या."

"ते वजन करून लिहून दिलंय, मॅडम. एक पोतं कमी भरलं तर कुठे गेलं म्हणून तुम्हीच विचाराल."

"मग हे बाहेर विका."

"विकतो. कागदावर काय लिहाल?"

मध्यमच लिहावं लागलं असतं. आपण चोर धरायला आलो होतो, याची बाईंना आता लाज वाटली.

बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी अर्ज भरायला घेतला. 'माल मिसळण्याचा धोका.' कमी, मध्यम, जास्त. गहू कुठे जातो ते विचारलं होतं, तो कोण खातं ते विचारलं नव्हतं. पेन थोडा वेळ हवेतच राहिलं. मग त्यांनी 'कमी'पुढे खूण केली, खाली सही केली, आणि म्हाताऱ्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला. "उपकार झाले, मॅडम," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कागद आत ठेवायला तो गेला.

सून चहा घेऊन आली. बशीत बिस्किटं होती, घरी भाजलेली, अजून गरम. वास छान सुटला होता. बाईंनी एक उचललं, बोटांत धरलं आणि तसंच बशीत परत ठेवलं.

"आत्ताच खाऊन आलेय गं."

सुनेनं बशीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "घ्या की, ताई," ती समजूत काढावी तशी म्हणाली. "आत्ताच लिहिलंत ना, धोका कमी?"

बाईंनी चहाचा कप तोंडाशी नेला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

सून थोडी थांबली. मग बाईंनी परत ठेवलेलं बिस्किट तिनं उचललं आणि तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाकलं. दोन जिवांची होती, भूक लागायचीच.