यंत्राचा इशारा

१९६७ साली अमरावतीत गणित शिकवणाऱ्या सरोजिनीबाईंनी पातूरकडच्या नव्या पुलाची उंची सरकारी इंजिनियरांना काढून द्यायला, गणित मांडलेली भोकं पाडलेली कार्डं मुंबईच्या कॉम्प्युटरकडे पाठवली. उत्तर आलं, पण खाली इशारा होता: एका राशीची किंमत दिलेली नाही. "इशाराच आहे, चूक नाही," इंजिनियर म्हणाले. "उद्या पायाभरणी." बाईंनी ते उत्तर द्यायला नकार दिला. पुलाजवळच्या गावचे सरपंच किसनराव कळवळले. "उत्तर तं आलं ना? मंग कावून थांबून राहिल्या? मायी सून बाळंतपणात नदीकाठीच गेली. पूर उतरलाच नाई." "म्हणूनच थांबले," म्हणत बाई परत आलेली कार्डं तपासू लागल्या. पुराच्या पातळीचं नाव त्यांनीच एका कार्डावर चुकवलं होतं. नाव न जुळल्यानं यंत्रानं पूर शून्य धरून उंची कमी काढली होती. "चूक माझी," त्या पुटपुटल्या. "पुन्हा मुंबईहून उत्तर येईतो पावसाळा लागेल. यंदाचं काम हुकेल." किसनरावांनी कार्डांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "एक पावसाळा अजून काढू आमी. तुमी पुन्हा मांडा."