तोंडी हरकत

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला जठारपेठेतल्या त्या घराच्या फाटकाशी एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली आणि सर्व्हेअर सहदेव साहेब इथेच राहतात का, असं विचारू लागली. साठीची असेल. गुडघ्यापर्यंत कासोटा, हातात कापडी पिशवी. दोन गाड्या बदलून, दीड दिवसाचा प्रवास करून थेट समुद्रकाठाहून अकोल्याला आलेली. ओसरीवर बसलेल्या सहदेवनं पेपर खाली घेतला. तिला ओळखायला त्याला एक क्षणसुद्धा लागला नाही, हीच तर पंचाईत झाली.

त्याची बायको सुभद्रा अंगणात चादर अंथरून मुंगवड्या घालत होती. तिनं बाईला पाणी दिलं, बसायला सांगितलं. बाई बसली तीही जरा सरकूनच, वड्यांवर आपली सावली पडू नये अशा बेतानं.

सांगणं थोडक्यात होतं. ती तांडेलबाई. तिच्या वाडीपुढच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे, त्या वाळूत खनिज आहे, आणि ते उपसायचा सरकारी परवाना एका कंपनीला आता मिळणार आहे. वाडीतली चाळीस घरं त्याच वाळूवर मासळी सुकवतात. ती जागा गेली की त्या घरांनी खायचं काय? येत्या गुरुवारी शेवटची सुनावणी. कंपनी म्हणते, मोजणीच्या दिवशी कोणी हरकत घेतलीच नाही, आणि सरकारी कागदावर जागा पडीक आहे. तांडेलबाई म्हणाली, मी घेतली होती हरकत, तोंडी. कोणाजवळ? तर मोजणीवाल्या साहेबांजवळ. मग त्यांचं पत्र आणा, असं सांगून अधिकाऱ्यांनी तिला वाटेला लावलं होतं.

"दोन ओळी लिवून द्या, साहेब," ती म्हणाली. "मी तुमाला बोलले होते, एवढंच लिवा."

सहदेवनं कंपनीचा साधा चहासुद्धा घेतला नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. तीन वर्षांमागं, नारळी पौर्णिमेच्या आधी तो तिथे मोजणीला गेला होता. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, किनारा सगळा मोकळा. हा काळ्या मातीतला माणूस. जिथं पेरलं जात नाही ती जमीन पडीक, एवढं त्याला लहानपणापासून पाठ. इथं काय पेरता, असं त्यानं विचारलं, तेव्हा हीच बाई पोट धरून हसली होती. पाऊस सरला की या, म्हणाली होती, मासळी पसरली म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. मग घरी नेऊन तिनं त्याला गरम पेज पाजली. पेज पिऊन तो परत आला आणि पडीक लिहून मोकळा झाला. एवढ्यासाठी तेव्हाच्या कचेरीतून पुन्हा दोनशे किलोमीटर कोण जाते, असा निव्वळ आळस केला त्यानं. लाच खाल्ली असती तर निदान देणाऱ्याला शिव्या घालता आल्या असत्या.

आता या दोन ओळी लिहायच्या म्हणजे आपल्याच हातानं आपली चौकशी लावून घ्यायची. सांगूनही नोंद केली नाही म्हटल्यावर निलंबन कोणी टाळू शकत नव्हतं. सात वर्षं अर्ज करकरून यंदा कुठं अकोल्याची बदली मिळाली होती. त्यासाठी सुभद्रा दोन पोरींना घेऊन किती जणांच्या दारात जाऊन बसली होती.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

तांडेलबाईनं हळू आवाजात पेजेची आठवण करून दिली, पेजेसंगं भाजलेला सुका बांगडा होता तेही सांगितलं. सहदेव म्हणाला, मावशी, नोकरीत शंभर गावं फिरलो, शंभर घरी जेवलो, कोणाकोणाचं ध्यानात ठेवू? बोलताना तो चादरीवरच्या वड्याच पाहत होता.

वाद घालायला बाई आलीच नव्हती. चादरीच्या कडेला दोन-चार ओल्या वड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या तिनं बोटानं सुट्या केल्या. हात पदराला पुसला, पिशवी उचलली आणि परतीची गाडी किती वाजता आहे म्हणून विचारलं. सहदेवनं झटदिशी सांगितलं. गाडीची वेळ त्याला बरोबर आठवली.

सुभद्रेनं डाळीनं भरलेले हात बादलीत धुतले.

"थांबा, मावशी," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "त्या दिवशी तुमी मले फोन केला होता. इथं काय पेरता असं विचारलं तं एक बाई हासली म्हणे, पाऊस सरल्यावर या म्हणाली म्हणे. तुमीच सांगतलं मले. मी बी हासली होती."

सहदेव उठून जवळ आला. आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "तुले समजते का काही? नोकरी जाईन."

"समजते. म्हणूनच तं मघापासून गप होती."

बदली, पोरींची शाळा, घराचं भाडं, सगळं तिला त्याच्याइतकंच दिसत होतं, आणि तिला भीती वाटत होती. पण ती फाटकाशी गेली आणि तांडेलबाईच्या हातातली पिशवी तिनं आपल्या हातात घेतली.

"साहेबाले आठवत नसन, मले आठवते," ती म्हणाली. "गुरुवारी किती वाजता हजर राहा लागते, तेवढं सांगा."