जप्त झालेले शब्द

हवालदाराने मुद्देमालाच्या कपाटातून पाच वह्या काढल्या, तशा हेमलताबाई खुर्चीतून उठल्याच. मेळघाटातल्या शाळेत शिकवताना बावीस वर्षं त्यांनी कोरकू आदिवासींच्या भाषेतला एकेक शब्द गोळा करून या वह्यांत उतरवला होता. भाडेकरूवरच्या संशयावरून बाईंच्या घराची झडती झाली आणि ही सांकेतिक भाषा असावी, म्हणून पोलिसांनी वह्याही नेल्या. भाडेकरू निर्दोष सुटला. वह्यांसाठी मात्र बाईंना दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

त्यांनी घाईघाईने पानं चाळली. सगळी शाबूत होती.

"मी वाचल्या, मॅडम," हवालदार हळूच म्हणाला. "रोज थोड्या थोड्या. मी कासदेकर, कोरकूच आहे. नोकरीत आल्यापासून घरीसुद्धा मराठीच बोलतो. तुमच्या वहीतले कितीतरी शब्द मी विसरलो होतो."

"काही चुकलंय का?" बाईंनी विचारलं.

तो घुटमळला. "चुकलं नाही. पण मोहफुलं वेचणाऱ्या बायकांचे शब्द राहिलेत. माझ्या आईला येतात."

बाईंनी पावतीवर सही केली आणि वह्या पिशवीत भरल्या. पाचवी तेवढी बाहेर ठेवली, कोरं पान काढलं आणि म्हणाल्या, "फोन लावा आईला."