सुतकातलं कार्ड

“म्हातारी गेली म्हणतोस?” ईरप्पानं विचारलं.

“काल सकाळी,” विश्वजित म्हणाला. काउंटरच्या काचेखाली माउस मांडले होते, तो त्यांच्याकडंच बघत राहिला.

राजारामपुरीतल्या ईरप्पाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्या सकाळी नवं ग्राफिक्स कार्ड आलं होतं. साल दोन हजार चार. कार्ड निघून महिना झाला तरी पुण्या-मुंबईतसुद्धा मिळत नव्हतं आणि डीलरनं कोल्हापूरला कसाबसा एकच नग धाडला होता. पहिला नंबर होता संगमेशचा. त्याच्या मागं विश्वजितचा. दोघं शाळेपासूनचे दोस्त, एका ताटात जेवणारे.

संगमेशला कार्ड पोटासाठी हवं होतं. तो थ्रीडी अॅनिमेशन शिकला होता आणि हैदराबादच्या एका स्टुडिओला महिनाअखेर स्वतः केलेली फिल्म पाठवायची होती. ती पसंत पडली तर नोकरी. जुन्या कार्डावर फिल्ममधला त्याचा घोडा दोन पावलं टाकून अडून बसायचा. विश्वजितला कार्ड हवं होतं गेम खेळायला. बास, एवढंच. पण हाव सुटली ती सुटलीच, तिला कोण आवरणार.

संगमेश त्या दिवशी जयसिंगपूरला लग्नाच्या शूटिंगला गेला होता. विश्वजितला ते ठाऊक होतं.

“तवा संगमेशला आता जमायचं न्हाय, आण्णा. आज्जीचं सुतक हाय. तेराव्यापर्यंत नवी वस्तू घरात आणत न्हाईत. मला म्हटला, तूच घे.”

मागच्या साली विश्वजितचा चुलता वारला तेव्हा घरात तेराव्यापर्यंत नवा झाडूसुद्धा आला नव्हता. त्यावरूनच त्याला ही युक्ती सुचली होती. शिवाय सुतकाच्या घरी फोन करून कार्डाची चौकशी कोण करणार?

“सुतक,” ईरप्पा म्हणाला. कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांवरनं त्यानं बोट फिरवलं. तो संगमेशच्याच समाजातला, पण घरी कधी जाणं-येणं नव्हतं. गिऱ्हाईकाला तोंडावर न्हाई म्हणणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. “मायाळू असंल म्हातारी.”

“लई,” विश्वजित म्हणाला. तेवढं एक मात्र खरं होतं.

ईरप्पा आतल्या खोलीत गेला. बराच वेळ लागला त्याला. बाहेर आला तेव्हा खोक्याला चारी बाजूंनी तपकिरी टेप गुंडाळलेली होती.

“पैसे?” विश्वजितनं विचारलं.

“आधी लावून बघ. चाललं तर दे. तुझ्यावर विश्वास न्हाय व्हय माझा?”

विश्वजितचे कान गरम झाले. खोकं उचलून तो बाहेर पडला.

गडमुडशिंगीला घरी येऊन त्यानं खोकं टेबलावर ठेवलं, कात्री घेतली आणि हातच पुढं जाईना. महादेवीआज्जी, संगमेशची आज्जी. शाळेत असताना तापानं फणफणलेल्या विश्वजितला तिनं मांडीवर घेऊन पेज भरवली होती. आणि त्यानं एका खेळापायी तिला जितेपणी मारून टाकलं होतं. लाज वाटली त्याला. त्यानं खोकं कपाटावर सरकवलं.

“एवढा नाचत हुतास, आणि आता उघडंना झालास?” आई शालूबाईनं विचारलं.

खोकं तिथंच धूळ खात राहिलं.

रविवारी संगमेशचा फोन आला. “आज्जी जेवायला बोलवत्या. ये.”

न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. संगमेशच्या खोलीत कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण काढलेलं होतं आणि टेबलफॅन त्याच्याकडं तोंड करून लावला होता.

“लई तापतंय अलीकडं,” संगमेश म्हणाला. “ये, घोडा बघ.”

अडलेला घोडा बघायची विश्वजितची छाती झाली नाही. “मागनं बघतो,” म्हणत तो सरळ स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसला.

आज्जीनं जोंधळ्याची भाकरी, भरलं वांगं आणि शेंगाची चटणी वाढली.

“खा की पोटभर,” ती म्हणाली. “माझ्या हातचं किती दिस मिळायचं तुला?”

विश्वजित मान खाली घालून भाकरीचे तुकडे करत राहिला.

“कार्डाचं काय कळलं का रे?” संगमेशनं विचारलं.

“न्हाय.”

“मिळंल की,” असं म्हणून संगमेशनं आपल्यातलं एक वांगं उचलून त्याच्या ताटात टाकलं.

तेवढ्यानं विश्वजित पार खचला. रात्रभर कूस बदलत राहिला. आज्जीनं वाढलेली भाकरी खाऊन आपण पुन्हा खोटं बोललो, ह्याची त्याला स्वतःचीच किळस आली. सकाळी चहासुद्धा न घेता तो खोकं घेऊन निघाला आणि ते संगमेशच्या खोलीत त्याच्या पुढ्यात आणून ठेवलं. आज्जी तिथंच उंबऱ्याशी सूप घेऊन शेंगा सोलत बसली होती. ती उठून जाईल म्हणून तो जरा थांबला. ती उठली नाही.

“हे तुझं हाय,” तो म्हणाला. “ईरप्पा आण्णांना मी सांगितलं, आज्जी वारली, तुझ्या घरात सुतक हाय. म्हणून मला दिलं त्यांनी. लई नालायक हाय मी, संग्या. काय मारायचं ते मार.”

संगमेशनं ड्रॉवरमधनं कात्री काढून त्याच्या हातात दिली. “उघड की.”

“तूच उघड.”

“उघड म्हटलं न्हवं?”

विश्वजितनं टेप कापली. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला कौलाचा तुकडा होता.

त्यानं वर बघितलं. उघड्या कॉम्प्युटरमध्ये, पंख्याच्या वाऱ्यात, नवं कोरं कार्ड बसवलेलं होतं. स्क्रीनवर घोडा कुठं न अडता धावत होता.

आज्जीनं सूप बाजूला सारलं.

“आमा लिंगायतांत,” ती म्हणाली, “सुतक पाळत न्हाईत, लेकरा.”