देवचाराचा रोट

सहाव्या वर्षी माझी वाचा गेली. बांधावरच्या राखणदार देवचारानं धरलं, असं घरच्यांनी ठरवलं. धरलं होतं दारू ढोसून आलेल्या काकांनी. काजूच्या कोठारात कोंडून पट्ट्यानं फोडलं. पण देवचाराच्या माथी मारणं सोपं, तो उलटून बोलत नाही. बोलतात ते काका. राजभाषेच्या सभा गाजवतात आणि घरच्या मुक्या पुतणीसाठी दरवर्षी बांधावर पानात रोट, विडी, सोऱ्याची, म्हणजे गावठी दारूची, बाटली ठेवतात. केवढी माया, म्हणे! यंदा मी सोळा वर्षांची. शाळेतल्या बाईंपाशी हळूहळू बोलायला लागले होते. घरी कुणाला पत्ता नव्हता. तिन्हीसांजेला भावकी जमली, काकांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "देवचारा, हें घे आणि आमच्या चेडवाक सोड." मी पान उचललं, काकांच्या पायाशी ठेवलं, विडीही पेटवून दिली. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, हें तूं घे. आणि माका सोड."