थांबणारा माणूस

“शोमरोनी म्हणजे कोण, ते मुलांना कळत नाही हो बाई. तेव्हा गोष्ट येशूची ठेवा आणि माणसं आपल्याकडची घ्या,” असं सांगून मुख्याध्यापिका सिस्टर निघून गेल्या आणि बाई खडू घेऊन सहावीच्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. शुक्रवारी बिशप शाळेत येणार होते. मूल्यशिक्षणाचा तास आठवडाभर नाटकाच्या तालमीला दिला होता.

गोष्ट मुलांना तोंडपाठ होती. वाटेत एकाला लुटारू मारहाण करून टाकून जातात. दोन मोठी माणसं त्याला बघतात आणि पुढे निघून जातात. तिसरा थांबतो, त्याच्या जखमा बांधतो. हा तिसरा म्हणजे शोमरोनी, ज्याला कोणी आपल्यात घेत नाही असा.

“पहिला कोण घ्यायचा?” बाईंनी विचारलं.

“पुढारी!”

“आणि दुसरा?”

“फादर!” कोणीतरी मागून ओरडलं आणि वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनाही हसू आवरेना.

“फादर नको रे, समोर बिशप बसलेले असतील. बँकेचा मॅनेजर घेऊ.” मार खाणाऱ्याचं काम गोट्याने आपणहून मागून घेतलं. त्यात नुसतं पडून राहायचं होतं आणि त्यात गोट्याचा हातखंडा होता.

“आता तिसरा. आपल्याकडे असा कोण, ज्याला कोणी जवळ करत नाही?”

बोलून गेल्यावर बाईंना कळलं, आपण काय विचारून बसलो ते. एरवी या वर्गात एका प्रश्नाला दहा उत्तरं यायची. या वेळी एकच आलं. चाळीस माना एकदम शेवटच्या बाकाकडे वळल्या. तिथे गटारं उपसणाऱ्याची मुलगी एकटी बसली होती. तिच्या शेजारची जागा वर्षभर रिकामी होती आणि हजेरी घेताना बाईंना ती रोज दिसत होती.

‘नको, आपण दुसरं काहीतरी करू,’ एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? बाईंनी तेवढी संधीही घालवली. मुलगी उभी राहिली होती. वर्षात पहिल्यांदा कोणीतरी तिला पुढे बोलावत होतं आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता.

“ये,” बाई म्हणाल्या. “मुख्य काम तुझंच आहे.” हे खरंच होतं, तरी बोलताना त्यांना स्वतःची लाज वाटली.

टेबल भिंतीला सरकवून तालीम सुरू झाली. पुढारी ऐटीत निघून गेला. मॅनेजर घड्याळ बघत निघून गेला. गोट्या फरशीवर कण्हत पडला होता, जरा जास्तच. मुलगी आली, त्याच्याशेजारी वाकली, तिने प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी उलगडली. तोच गोट्या ताडकन उठून बसला.

“बाई, हिने हात नाही लावायचा. आई ओरडेल मला.”

“गोट्या! असं बोलतात का? आपण आत्ता काय शिकलो?”

“शिकलो ना बाई. पण आई सगळे कपडे परत धुवायला लावते.”

त्याला काही वावगं बोलल्यासारखं वाटलंच नव्हतं. पोरगं वाईट नव्हतं, डब्यातला शेवटचा घास दुसऱ्याला देणारं होतं. बाईंनी दाराकडे पाहिलं. सिस्टर परत आल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता त्या बोलतील, बाईंना वाटलं. त्यांच्यासमोर उलट बोलायची कोणाची बिशाद नव्हती.

“बाई,” सिस्टर हळूच म्हणाल्या, “त्याची आई पालक संघात आहे. शुक्रवार तोंडावर आलाय, उगाच ताणू नका. काहीतरी मार्ग काढा.”

मार्ग मुलीनेच काढला. “बाई, मी लांबून बांधते ना,” ती म्हणाली. गोट्यापासून हातभर अंतरावर ती गुडघ्यांवर बसली आणि हवेतच पट्टी गुंडाळू लागली. डोक्याला, मग दंडाला, मग पायाला. शेवटी तिने हवेतच नीट गाठ मारली. गोट्याच्या शर्टालासुद्धा तिचा धक्का लागला नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. सिस्टरांनीही वाजवल्या.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. मुलगी पट्टीची गुंडाळी करत मागे राहिली. बाई तिच्याजवळ गेल्या. क्षमा मागायला शिकवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती आणि आता स्वतः मागायची तर त्यांनी दुसरंच बोलायला घेतलं.

“तुला नसेल करायचं तर सांग गं बाळा. मी दुसरं नाटक बसवते.”

“नको बाई, मला आवडलं.” मुलगी घुटमळली. “फक्त त्यात एक चूक आहे.”

“कोणती?”

“तो थांबतो ना, ती. रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर आम्ही थांबत नाही. बाबांनी बजावून ठेवलंय, मागे न बघता पळत सुटायचं.”

“का गं?”

“थांबलं की लोक आम्हालाच धरतात, बाई. म्हणतात, यांनीच मारलं असेल.”