कस्तुरीचं भाषांतर

मैत्रिणीच्या वाढदिवसाला कस्तुरीने बीफ खाल्लं, हे कळताच बाबांनी तिला कमरेच्या पट्ट्याने फोडून काढलं. "घर बाटवलंस माझं!" असं ओरडत त्यांनी मधे पडलेल्या आईलाही भिंतीवर आपटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना किडनीच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. आयटीच्या नोकरीत चार वर्षं टोकियोत काढूनही त्यांना जपानीचा गंध नव्हता. म्हणून फुटलेला ओठ मास्कखाली झाकून तिथल्या शाळेत जपानी शिकलेली कस्तुरीच भाषांतराला बसली. ऑफिसच्या कॅन्टीनमधून मागवलेली बाबांच्या रोजच्या जेवणाची यादी डॉक्टरांनी वाचली आणि ते गंभीरपणे काहीतरी बोलले.

"काय म्हणतायत गं?" आईने घाबरून विचारलं.

कस्तुरीने मास्क खाली ओढला.



"किडनी वाचवायची असेल, तर बाबांनी रोज दुपारचं बीफ आजपासून बंद करायचं."